मिठाला जागायचं कुणी?

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांचा मेसेज. त्यांच्याकडच्या स्वयंपाकाच्या मावशींनी काम सोडलं, शेजारच्या बिल्डिंगमध्ये जास्त पैसे मिळतात म्हणून. 'घरच्यासारखं वागवलं, पण या लोकांना खाल्ल्या मिठाची चाड नाही.' खाली अंगठ्यांची ही रांग! डोकंच फिरलं माझं.

याच मावशी आधी आमच्याकडे होत्या. सासूबाईंना बीपी. भाजी शिजली की मावशी आधी एक वाटी अळणी बाजूला काढायच्या, तिच्यावर लिंबू पिळायच्या, मग कढईत मीठ. कधी आठवण करावी लागली नाही. मीठ घालणारा हात त्यांचा, खाणारे आपण. आता बोला.

एके काळी मिठाचं मोल होतं, नाही कोण म्हणतंय? १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला लिहून पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशच्या (गोव्यातल्या) मिठावर जबर जकात बसवायला लावली, नाहीतर संगमेश्वरचं मीठ पडून राहिलं असतं. इंग्रजांनी तर गरिबाच्या भाकरीलाच हात घातला, मणाला अडीच रुपये कर! आपल्या फर्ग्युसनच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ साली कलकत्त्याच्या कौन्सिलात त्यावरून सरकारला धारेवर धरलं. पुढच्या वर्षी आठ आणे कमी झाले. तेव्हा पदरचं मीठ घालणाऱ्याचे उपकार वाटणारच. आज पिशवी दहा मिनिटांत दारात येते हो!

आणि गंमत बघा, सॅलरी हा शब्दसुद्धा लॅटिनमधल्या मिठावरून आलाय. हिंजवडीतला आपला मुलगा जास्त सॅलरीसाठी कंपनी बदलतो, तेव्हा आपण पेढे वाटतो. मावशींनी घर बदललं की नमकहराम?

न सांगता जायला नको होतं, मान्य. एक फोन करायचा.

काका एकटे असतात, रात्रीच्या जेवणाचे हाल होणार, तेही कळतंय. त्यांच्यावर खरं तर राग नाही. दुपारी डबा नेऊन दिला मी. पण अंगठेवाल्यांनो, तुमच्यातल्या किती जणांनी मावशींना 'वाढीचं बघू पुढच्या महिन्यात' म्हणून टोलवलंय, ते मला ठाऊक आहे. सासूबाईंची ती अळणी वाटी सांभाळण्याचे वेगळे पैसे आम्ही तरी कुठे दिले होते?

नव्या मावशी शोधताय ना? मग सुट्ट्या, दिवाळीचा बोनस आणि दरवर्षीची वाढ आधीच ठरवून टाका. त्यांना जेवायला बसवायचं असेल तर खुशाल बसवा, पण ते पगारातून वळतं करू नका.