गिझरच्या पॉइंटवर सौना होत नाही

नाशिकच्या मावसभावाने परवा एक फॉरवर्ड पाठवला. हाच मजकूर मला आधी दोन ग्रुपांवर येऊन गेला होता. थोडक्यात असा: जुन्या 4 बाय 6 च्या बाथरूमला आतून थर्माकोल लावा, वरून प्लाय मारा, गिझरच्या पॉइंटवर 2 किलोवॅटचा हीटर जोडा, त्यावर नदीतले गोटे रचा, फटी सिलिकॉनने बुजवा आणि स्टूल टाकून बसा. 40 हजारांत अस्सल फिनिश सौना, म्हणजे घाम काढायची गरम खोली, आपल्या आयुर्वेदातल्या स्वेदनासारखी बंदिस्त. रोज 20 मिनिटांत विषं बाहेर आणि वजन कमी. खाली भावाची ओळ: "दादा, तू तिथेच राहतोस. करू का?"

तिथे म्हणजे फिनलंडला, ताम्पेरेत. गेल्या वर्षी घरातली जुनी सौना उसवून नवी केली, म्हणून हे बोलायचं धाडस.

आधी वीज, कारण जीव जायचा तर तिथेच. हीटरचा ढोबळ हिशेब घनमीटरला 1 किलोवॅट. 4 बाय 6 ची खोली, छत 7 फुटांवर उतरवलं तरी पावणेपाच घनमीटर भरते. एखादी भिंत टाइल्सची उघडी ठेवलीत तर तिच्या दर चौरस मीटरमागे 1.2 घनमीटर वाढीव धरायचे, कारण टाइल उष्णता पीत बसते. 2 किलोवॅटवर ही खोली 80 अंशांना पोहोचणार नाही, नुसती उबेल. मग माणूस 6 किलोवॅटचा हीटर आणतो आणि त्याच पॉइंटला जोडतो. सिंगल फेजवर ते 26 अँपिअर होतात, आणि पॉइंट असतो 16 चा. स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी, उष्णता सोसणारी वायर आणि शक्यतो थ्री फेज, एवढं हवंच. मंजूर भार किती आहे ते वीजबिलावर बघून घ्या.

आता भिंत. सगळी सौना भिंतीत असते, हीटर काय, दुकानात मिळतो. छताजवळची हवा 100 अंशांकडे जाते. थर्माकोल त्याच्या बराच आधी मऊ पडतो. प्लायच्या गोंदातलं फॉर्माल्डिहाइड तापून डोळ्यांना झोंबतं ते वेगळंच. योग्य क्रम असा: रॉकवूल (दगडी तंतूंची लादी), त्यावर अॅल्युमिनियम फॉइल, प्रत्येक जोडावर फॉइलचीच टेप, मग पट्ट्या ठोकून बोटभर पोकळी आणि शेवटी लाकडी फळ्या. आमच्या जुन्या सौनामध्ये दिव्यासाठी कुणीतरी फॉइल कापलं होतं आणि टेप लावायचा कंटाळा केला होता. भोक जेमतेम तळहाताएवढं, पण वाफ तेवढ्यातून आत शिरत राहिली. फळी काढली तर मागचं रॉकवूल काळं पडलेलं, आणि पट्टीवर अंगठा दाबला तर तो चहात बुडवलेल्या पावात शिरावा तसा आत गेला.

सागवान चालेल का, हा भावाचा उपप्रश्न. बसायला नको. जड लाकूड उष्णता धरून ठेवतं आणि मांडीला चटका देतं. इथे बाक अॅस्पेन किंवा आल्डर या झाडांच्या लाकडाचे करतात: हलके, बिनराळेचे, पॉलिश न केलेले. स्क्रू खालून मारायचे. वरून मारलात तर कुठे मारलेत ते पाठीवर मोजता येतील.

फटी बुजवा, हे तर उलटंच. फॉइल हवाबंद हवं, खोली नव्हे. ताजी हवा हीटरजवळून आत यायला हवी, समोरच्या भिंतीतून बाहेर जायला हवी, आणि दार बाहेर उघडणारं, बिनकडीचं. स्वेदनाचा दाखला देणाऱ्यांनी चरकसंहितेच्या सूत्रस्थानाचा 14 वा अध्याय उघडावा. तिथल्या 13 अग्निस्वेदांपैकी, म्हणजे आगीच्या उष्णतेने घाम काढायच्या प्रकारांपैकी, सौनाच्या सगळ्यांत जवळचा म्हणजे जेंताक: मातीने लिंपलेलं गोल घर, मधोमध खैराच्या लाकडांची भट्टी, भिंतीलगत बसायचा कट्टा. त्या घराला चरकाने लावलेलं विशेषण आहे 'अनेकवातायन'. खिडक्या!

नदीतल्या गोट्यांच्या चिरांत पाणी मुरलेलं असतं. तापले की ते फुटू शकतात. मग घाटातला काळा दगड? आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत बऱ्याचदा झिओलाईट हे खनिज असतं, आणि त्यातही पाणी. क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने 1756 मध्ये तापवताना त्याला उकळी फुटलेली पाहूनच हे नाव ठेवलं: उकळणारा दगड. हीटरसोबत मिळणारे ऑलिव्हिनचे किंवा पेरिडोटाइटचे दगडच घ्या.

स्टुलावर बसाल तर डोकं गरम, पाय गार. वरचा बाक छतापासून सुमारे 110 सेंटिमीटर खाली आणि पाय दगडांच्या पातळीच्या वर, ही इथली रीत.

विषं बाहेर काढायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत. घटलेलं वजन पाण्याचं; दोन ग्लास प्यायलात की परत. फिनलंडमधल्या कुओपिओ भागातल्या 2,315 पुरुषांच्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वारंवार सौना घेणाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू कमी दिसले खरे, पण ती पाहणीच होती, प्रयोग नव्हे. शिवाय ती माणसं प्लायच्या पेटीत बसत नव्हती.

भावाने थर्माकोलच्या सहा शीट आधीच आणून ठेवल्यात. आता गणपतीच्या मखराला वापरू म्हणाला. त्यावर 2018 पासून बंदी आहे, हे वहिनीने सांगितलं.