कथालेखकांना व्हीएस कोड कशाला? एका दोन-तारी अभिप्रायाला मालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या लेखन-कार्यशाळेबद्दलचा तुमचा अभिप्राय वाचला. कथा लिहिणाऱ्यांच्या माथी व्हीएस कोड हे प्रोग्रॅमरांचं कोड लिहायचं सॉफ्टवेअर मारलं, काळ्या पडद्यासमोर बसवलं, ओळी उजवीकडे पळत सुटतात आणि प्रकाशकाला शेवटी वर्डचीच फाइल लागते, असं तुमचं म्हणणं.

प्रकाशकाचं अगदी खरं. म्हणूनच दुसऱ्या सत्रात पॅनडॉक हे फाइलींचा प्रकार बदलणारं सॉफ्टवेअर शिकवतो. एक कमांड दिली की साध्या मजकुराची वर्ड फाइल तयार, शीर्षकांसकट. तुम्ही पहिल्या सत्रानंतर आलाच नाहीत. ओळी पडद्याच्या रुंदीतच दुमडायला ऑल्ट-झेड दाबा. पडदाही पांढरा करता येतो.

आता साध्या मजकुराचा, म्हणजे सजावट नसलेल्या टेक्स्ट फाइलींचा, हट्ट कशासाठी? दादरच्या आमच्या दुकानात लेखक जुन्या डीटीपी फायली घेऊन येतात. त्या काळच्या मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. फाँट हरवला की कादंबरीच्या जागी नुसती एबीसीडीची खिचडी. युनिकोडमधली, म्हणजे सगळीकडे सारख्याच अक्षर-संकेतांतली टेक्स्ट फाइल नोटपॅडमध्येसुद्धा उघडते.

शिवाय शोधाशोध. ‘वाऱ्यावर’मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ घेऊन, नाहीतर साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. दिसायला सारखेच, आतून वेगळे. त्यामुळे एक शोधताना दुसरा निसटू शकतो. थोडं मोबाइलवर, थोडं लॅपटॉपवर लिहिणाऱ्यांना हा त्रास ठरलेला. व्हीएस कोडमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे शोधाचा नमुना, लावून दोन्ही रूपं एका झटक्यात पकडता येतात, तीही फोल्डरमधल्या सगळ्या प्रकरणांत. वर्डमध्ये एकेक फाइल उघडत बसा.

प्रोग्रॅमरांचं म्हणून काहीही उचलत नाही आम्ही. विम हा प्रोग्रॅमरांचा एडिटर 1991 पासून आहे, त्याचे भक्तही खूप. पण तो चालतो त्या टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या कमांडच्या खिडकीत, जोडाक्षरं बऱ्याचदा विस्कटतात, म्हणून तो शिकवत नाही. 2015 साली आलेला व्हीएस कोड क्रोम ब्राउझरच्या मुळाशी असलेल्या क्रोमियमवर चालतो, त्यामुळे मराठी नीट दिसतं. वर मुक्ता फाँट लावून देतो, तो आपल्या मुंबईतल्याच ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या मंडळींचा, आणि फुकट.

अर्ज, तक्ते, निमंत्रणपत्रिका करायच्या तर वर्डच बरं. तसं कुणी विचारलं तर मी स्वतःच त्याला परत पाठवतो.

तुमचं दुसरं सत्र बाकी आहे. कुठल्याही शनिवारी या, वेगळे पैसे नाहीत. कथासंग्रह पेनड्राइव्हवर आणा, तुमच्यासमोरच त्याची वर्ड फाइल करू.