मास्तर, संत्रे किती भरले?

डेटा सायन्स शिकवणाऱ्याच्या नशिबात पिवळ्या पडलेल्या नोट्सचं सुख नाही. आमच्या कॉलेजात इतिहासाचे एक सर आहेत. ते नोकरीला लागले तेव्हापासून पानिपत त्यांच्या वहीच्या त्याच पानावर होतं आहे आणि दरवर्षी निकालही तोच लागतो. माझा मात्र रात्री गुपचूप चालणारा कोड सकाळी लाल अक्षरांत भांडायला उठतो.

वेस मॅकिनी या गृहस्थाने २००८ मध्ये पांडाज ही लायब्ररी, म्हणजे तक्ते हाताळायच्या तयार कोडचा संच, लिहायला घेतली. तक्त्याला नवी ओळ जोडायची असली की त्यात ‘अपेंड’ म्हणायचं. ते मी फळ्यावर शिकवलं, जर्नलात लिहून घेतलं, तोंडी परीक्षेत विचारलं. २०२३ मध्ये तिची दुसरी मोठी आवृत्ती आली आणि अपेंड गायब! आता म्हणे ‘कॉनकॅट’ करा. त्याआधी सायकिट-लर्न या दुसऱ्या लायब्ररीतून बॉस्टनच्या घरांच्या किमतींचा तक्ता काढून टाकला होता. त्यात वस्तीतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रमाणावरून घराची किंमत जोखणारा एक रकाना होता. काढला ते बरंच केलं, पण माझ्या अख्ख्या प्रॅक्टिकलची घरं त्यात गेली.

या सगळ्या पडझडीत जागची हलली नाहीत ती सरावाच्या तक्त्यातली आयरिसची फुलं. तीन जाती, दीडशे फुलं, फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये छापलेली मापं. जगातला प्रत्येक विद्यार्थी या पाकळ्यांवरून जातो. यंदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, हे फूल कुठी असते?”

“बरीचशी कॅनडातली आहेत,” मी म्हणालो.

“मंग आपण काऊन मोजून राहिलो?”

फिशरकडे याचं उत्तर नाही. माझ्याकडेही नव्हतं. आमचं गाव मोर्शी तालुक्यातलं. खिडकीतून डोकावलं तर संत्र्याचा बगीचा, आणि आम्ही कॅनडाच्या पाकळ्या मोजतोय! तेव्हा ठरलं, झाडाचा फोटो काढायचा आणि त्यातली संत्री संगणकाने मोजायची. झाडं देणार शेजारचे काका, राबणार पोरं, आणि शिकणार मी. कारण फोटोतून वस्तू शोधण्याचं हे तंत्र मला स्वतःलाच येत नव्हतं. पोरांच्या एक रात्र पुढे राहायचं, एवढाच माझ्या ज्येष्ठतेचा अर्थ.

ती एक रात्र जाते गच्चीवर. घरात नेटवर्क नाही. ते मिळतं पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला, तेही टाकीला पाठ लावून बसलं तर. फोटोतल्या वस्तू ओळखणारं योलो नावाचं मॉडेल लागणार होतं. त्याची पहिली आवृत्ती २०१५ ची, पाचवी २०२० ची, आठवी २०२३ ची. मी आठवी वाचून संपवेपर्यंत अकरावी आलेली होती. डाउनलोडची चाल अचलपूरच्या जुन्या शकुंतला रेल्वेगाडीसारखी. तिच्यातून उतरून, पाय मोकळे करून, पुन्हा चढता यायचं. निम्मं झालं की लाइन जाते. लाइन आली की आई खालून विचारते, “आलं काय रे तुवं ते?” ती जेवणाला बोलावते आहे की मॉडेलची चौकशी करते आहे, हे मला अजून कळलेलं नाही. छंद म्हणून मागे एक बाजाची पेटी घेतली होती. तिच्यावर आता लॅपटॉप ठेवतो. उंची झकास जमते.

इकडे पोरांनी फोटोंचा ढीग आणला. पुढचं काम हमालीचं : फोटोतल्या प्रत्येक संत्र्याभोवती माउसने चौकट ओढायची, म्हणजे संगणकाला कळतं की संत्रं ते हे. चौकटी ओढून ओढून एका पोराने जेवताना भाकरीवरही बोट फिरवलं, असं त्याची आई सांगत होती. पण खरी गोम वेगळीच होती. व्यापारी आंबिया बहराचा बगीचा पाहायला येतो तेव्हा फळं हिरवी असतात. हिरव्या पानांत हिरवी फळं. आमच्या मॉडेलला पहिल्या झाडावर एकच संत्रं सापडलं. ते म्हणजे फांदीला अडकवलेली काकांची भगवी टोपी.

“मास्तर, तुमच्या मशीनले रातांधळेपणा हाय काय?” काकांनी विचारलं. भर दुपारची वेळ होती.

मग झाडाचे चारही बाजूंनी फोटो काढले, ढगाळ दिवस निवडला, पोरांनी पुन्हा चौकटी ओढल्या. मॉडेल सुधारलं. तरी दर फळामागे ते आपल्या खात्रीचा आकडा देतं, आणि किती खात्री असली म्हणजे ते फळ धरायचं, हे आपण ठरवायचं असतं. मी काकांना समजावलं, “निकष सैल ठेवला तर पानाची चमकसुद्धा संत्रं म्हणून मोजली जाते. घट्ट ठेवला तर पानाआडची खरी फळं सुटतात.” वर्गात हाच मुद्दा मांडायला मला दोन तास आणि एक आलेख लागतो, तरी परीक्षेत पोरं उलटं लिहितात. काका क्षणभर थांबले.

“मंग व्यापाऱ्याले सैलवाला सांगू,” ते म्हणाले.

बगीचा कधी हजार फळांच्या भावाने जातो, कधी टनाच्या; पण सौद्याआधी व्यापारी नुसता धुऱ्यावरून चक्कर मारतो, दोनचार फांद्या उचलतो आणि आकडा सांगतो. त्या आकड्याला आजवर गावात कोणी हरकत घेतली नव्हती. यंदा काकांनी माझा कागद पुढे केला. व्यापाऱ्याने तो उलटसुलट पाहिला, झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी घाईने सांगून टाकलं की हा अभ्यासाचा प्रयोग आहे, यात चूक असू शकते. काकांनी माझ्या पायावर पाय दिला.

सौदा कितीला झाला ते दोघांनीही मला सांगितलं नाही. पण त्याच संध्याकाळी व्यापाऱ्याची मोटारसायकल आमच्या दारात उभी राहिली. आईने चहा टाकला. त्याने बशीत चहा ओतला, फुंकला, आणि आवाज खाली आणून म्हणाला, “मास्तर, पुढच्या आठवड्यात मले वरुडकडचे बगीचे पाहाचे हायत. येता काय संग? मोजाचे पैसे देतो. फक्त तुमच्या मशीनमंदी तो घट्टवाला आकडा दाखवाची सोय हाय नं?”

“पुढच्या आवृत्तीत येणार आहे,” मी म्हणालो.