दुकान नवं, परवाना जुना

तुमचं म्हणणं असं की मी लिहिलेले परवान्याचे नियम कागदावरच राहतात, शाळेशेजारी वाइन शॉप उघडतं आणि सरकार रोज नवे परवाने वाटतं. शाळेबद्दलची चीड रास्त आहे. ‘नवे परवाने’ हे मात्र बरोबर नाही, आणि नेमक्या याच समजामुळे चांगल्या तक्रारी वाया जातात.

महाराष्ट्रात एफएल-2, म्हणजे सीलबंद विदेशी मद्याच्या दुकानाचे (आपण ज्याला वाइन शॉप म्हणतो त्याचे) नवे परवाने देणं 1970च्या दशकातच थांबलं. तुमच्या गल्लीत आलेलं दुकान बहुधा दुसरीकडून हलवलेलं असतं. तेव्हा हरकत घ्यायची ती स्थलांतराच्या प्रस्तावावर, आणि तीही मंजुरीच्या आधी. पाटीवर एफएल-3 असेल तर ते परमिट रूम, तिथे बसून प्यायची मुभा. एफएलबीआर-2 असेल तर बिअर शॉपी. एकाच्या तक्रारीत दुसऱ्याचा नियम घातला की अर्ज तिथेच लंगडा पडतो.

आता अंतर. दुकान आणि शाळा किंवा देऊळ यांच्यात नियमाने लागणारे 75 मीटर हवाई रेषेत मोजत नाहीत. दुकानाच्या दाराच्या मध्यापासून, पायी जाणारा माणूस ज्या जवळच्या वाटेने एरवी जातो त्या वाटेने, शाळेच्या सर्वांत जवळच्या फाटकाच्या मध्यापर्यंत टेप धरायचा. कुंपण नसेल तर इमारतीच्या दारापर्यंत. मधे दुभाजक असेल तर वळसा मोजणीत येतो, आणि समोर दिसणारी शाळा कागदावर 75 मीटरपलीकडे जाते. उलट, मोजणी पुढच्या फाटकापर्यंत झाली आणि मुलं रोज वापरतात ते बाजूचं फाटक जवळ निघालं, तर तुमचा मुद्दा भक्कम. देवळाच्या बाबतीत ते नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाचं आहे का, हे आधी पाहा; नसेल तर ते धरलं जात नाही.

ही मोजणी राज्य उत्पादन शुल्कचे दुय्यम निरीक्षक करतात. पंचनामा आणि नकाशा अधीक्षकांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. माहिती अधिकारात, 10 रुपयांच्या अर्जावर, हे दोन कागद मागा आणि टेप घेऊन स्वतः ताडून पाहा.

महिलांच्या ‘आडव्या बाटली’च्या, म्हणजे दुकान बंद करायचं की नाही हे ठरवणाऱ्या मतदानाबद्दलही तुम्ही लिहिलंत. त्यात मेख एकच: अर्जाला 25 टक्के महिला मतदारांच्या सह्या पुरतात, पण बंदीसाठी यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. आलेल्या मतांचे निम्मे नव्हे. त्यामुळे घरी राहिलेली प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूने मोजली जाते.