‘घरबसल्या सल्ले’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मॉनिटर टिकवायचा तर ब्राइटनेस कमी ठेवा आणि जागेवरून उठताना स्क्रीन बंद करा, असं मी गेल्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, “सारखा बंद-चालू केला की मॉनिटर लवकर जातो, हे कुठलाही मेकॅनिक सांगेल. घरबसल्या सल्ले देणाऱ्यांनी आधी चार मॉनिटर वापरून बघावेत.” शिवाय ओलेडचा (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो त्या स्क्रीनचा) उल्लेख नाही, कमी ब्राइटनेसवर डोळे दुखतात, वगैरे.

तुमचं मत वेगळं आहे याचं काही नाही. ‘घरबसल्या’ हा शब्द मात्र लागला. 2003 ते 2019 मी सांगलीत डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर जुळवण्याचं, दुकान चालवलं. लग्नसराईत सकाळी नऊला लावलेले मॉनिटर रात्री अकराला बंद व्हायचे. चार नव्हे, अकरा मॉनिटर वापरलेत मी, तेही स्वतःच्या पैशाने घेतलेले. ज्याला आपण ओळखत नाही त्याच्याबद्दल लिहिताना माणसाने दोन मिनिटं थांबावं.

2011 मध्ये एकाच दिवशी तीन सारखे एलईडी मॉनिटर, म्हणजे मागून एलईडी दिव्यांचा उजेड असणारे एलसीडी, घेतले. दोन आतल्या टेबलावर होते, ब्राइटनेस 40 च्या आसपास. तिसरा पश्चिमेच्या खिडकीपाशी, पाठ भिंतीला चिकटलेली. उन्हात दिसत नाही म्हणून ऑपरेटरने ब्राइटनेस 100 वर नेऊन ठेवलेला. चौथ्या उन्हाळ्यात तो चालू केला की दोन सेकंदांत काळा पडायला लागला. उघडला तर पॉवर सप्लायच्या बोर्डावरचे तीन कपॅसिटर (वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारे छोट्या डबीसारखे भाग) फुगलेले. सपाट असायची ती टोपी वर आलेली आणि एकाच्या बुडाशी तपकिरी, चिकट डाग. आतले दोघे दुकान बंद केलं त्या दिवशीही चालू होते. आणि ते दोघे रोज दुपारी जेवायच्या वेळी न चुकता बंद व्हायचे!

हे नशीब नव्हे. तापमान 10 अंशांनी वाढलं की असल्या कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. बॅकलाइटच्या, म्हणजे मागून उजेड देणाऱ्या, एलईडीही उष्णतेने आणि जास्त करंटने लवकर मंद होतात. मॉनिटर 50,000 तासांचा म्हणतात, तेव्हा बहुधा उजेड निम्म्यावर येईपर्यंतचे तास मोजलेले असतात. समोर कोणी नसताना स्क्रीन चालू राहिली तरी ते तास खर्च होतातच. जेवणाचा रोजचा एक तास धरला तरी 300 दिवसांचे 300 तास. स्क्रीनसेव्हरने ते वाचत नाहीत. तो जुन्या पिक्चर ट्यूबच्या फॉस्फरवर, म्हणजे काचेमागच्या उजळणाऱ्या थरावर, डाग पडू नये म्हणून होता. एलसीडीत चित्र हललं तरी मागचा उजेड चालूच राहतो.

एक मान्य करतो. एलईडीच्या आधीच्या एलसीडीत मागे बारीक ट्यूब असायची आणि ती पेटताना जास्त व्होल्टेज लागायचं. त्या मॉनिटरला दर पाच मिनिटांनी बंद-चालू करणं बरं नव्हतं. हे मी लिहायला हवं होतं. पण मी दर पाच मिनिटांनी बंद करा असं कुठे म्हटलंय? ‘जागेवरून उठताना’ असं लिहिलंय, ते पुन्हा वाचा.

ओलेड हा वेगळा विषय आहे, लेख एलसीडीवर होता. डोळ्यांचं डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा.

आणि मेकॅनिकचं म्हणाल, तर ते फुगलेले कपॅसिटर मला मेकॅनिकनेच दाखवले. तुमचा मॉनिटर जाईल तेव्हा तोही उघडून घ्या आणि काय दिसलं ते इथे लिहा. ‘घरबसल्या’ हा शब्द तेवढा वगळून.