‘दुखणारच की’ म्हणणाऱ्या दादांना

लातूरच्या दादा, बाळंतपणानंतर खालच्या जागी, योनीच्या आसपास, कातडीखाली रक्त साकळून गाठ होते त्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंय, “बाळंतपण म्हटलं की दुखणारच की. सिस्टरबाईंनी डॉक्टरकी करून पोरींना घाबरवू नये. बर्फानं वात भरतो. छोटी गाठ आपोआप जिरते. लेखही लांबलाय.”

लांबला, मान्य. छोट्या गाठीचं मी लिहिलंच आहे: वाढत नसेल तर दुखण्याचं औषध, थंड शेक आणि नजर, चिरायची गरज नाही. तिथवर आपण पोचला नसाल.

“सिस्टरबाई” ज्या सुरात म्हणालात तो मात्र कळला. उमेदीची सगळी वर्षं बीड जिल्ह्यात लेबर रूममध्ये गेली माझी. तुम्ही किती बाळंतिणींच्या उशाशी रात्र काढलीत तेही कळवा.

आता “दुखणारच की”. हेच वाक्य माझ्या धाकट्या जावेला एका दवाखान्यात ऐकवलं गेलं. पहिलटकरीण, चिमटा लावून काढलेलं बाळ, टाके पडलेले. थोड्या वेळात ती तळमळायला लागली, “खाली फुटतंय गं माय, संडासला लागल्यासारखं होतंय.” इंजेक्शन दिलं तरी कळ हटेना. पोट चाचपलं तर गर्भपिशवी घट्ट आवळलेली, पॅडवर रक्त बेताचंच. म्हणजे सगळं ठीक! अहो, रक्त बाहेर दिसेल कुठून? ते आतच साठत होतं. तिथलं मांस सैल असतं, अर्धा लिटर सहज मावतं. नाडी पळायला लागली, ओठ पांढरे पडले, तेव्हा कुणीतरी उजेड धरून पाहिलं. एक बाजू जांभळी, ताणून चकाकणारी. मग थिएटरात नेऊन चिरलं, गुठळ्या काढल्या, रक्तवाहिन्या बांधल्या, आत पॅक भरला, लघवीची नळी घातली, रक्त चढवलं.

तिची सूज निदान दिसली तरी. गाठ योनीत वरच्या बाजूला असली तर बाहेर काहीच दिसत नाही, आतून तपासावंच लागतं. टाके न पडलेल्या बाईलाही हे होतं. औषधाला न जुमानणारी कळ हीच बहुतेक वेळा पहिली खूण, आणि तुमच्या वाक्यानं नेमकी तीच दाबली जाते.

वाताचं तुमच्यापाशीच राहू द्या. फडक्यात गुंडाळलेल्या बर्फानं रक्तवाहिन्या आकसतात. पहिल्या दिवशी बाजेखाली शेगडी ठेवून त्याच जागेला ऊब दिली तर उलटं होतं, एवढं ध्यानात घ्या.

आणि घाबरवण्याचं म्हणाल, तर घरी आलेल्या बाळंतिणीची कळ वाढत चालली, लघवी अडली, चक्कर आली तर 108 ला फोन लावा, रात्रीही भूलतज्ज्ञ आणि रक्त मिळेल अशा ठिकाणी न्या, मग ते अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय स्वाराती असो की संभाजीनगरचं घाटी, असं मी लिहिलं. परत लिहीन. तुमची पुढची प्रतिक्रिया “बाई” अशी सुरू झाली तर मात्र छापणार नाही.