तो मोकळा तास नव्हता

आज दुपारी मुलाच्या शाळेच्या पालक ग्रुपवर निरोप आला. पुढच्या महिन्यापासून संगीताचा तास बंद, त्या जागी गणिताचा जादा सराव. खाली लगेच अंगठ्यांची रांग. "उत्तम निर्णय." "मुलांचा वेळ वाचेल." एकीनं तर लिहिलं, "तसाही मोकळाच तास होता तो."

मोकळा तास! फोन पालथा ठेवला आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी धड बोलले नाही. आता लिहायला बसलेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना बाबांचं माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी स्ट्रोक आला, मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजायचं सगळं. काय म्हणायचंय तेही पक्कं ठाऊक असायचं, पण शब्द तोंडात येईना. याला अफेझिया म्हणतात, हेही तेव्हाच कळलं. एक 'पाणी' म्हणायला बाबा मिनिटंच्या मिनिटं झगडायचे आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. रोज सकाळी अख्ख्या घराला मोठ्यानं पेपर वाचून दाखवणारा माणूस हा.

एका दुपारी आई त्यांचे पाय चोळत होती आणि चोळता चोळता गुणगुणत होती. आमच्या लहानपणची अंगाई. दुसऱ्या ओळीला बाबांनी सूर धरला. नुसता सूर नाही, शब्दांसकट. अख्खं कडवं म्हटलं. आईचा हात जागच्या जागी थांबला. मी दारात उभी होते, पुढे जायचं धाडसच झालं नाही.

स्पीच थेरपिस्ट बाईंना सांगितलं तर त्यांना जराही नवल वाटलं नाही. बहुतेकांचं बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला चालतं, गाताना उजवी बाजूही कामाला लागते. म्हणून बोलता न येणारा माणूस गाऊ शकतो. 1973 मध्ये बॉस्टनमधल्या मंडळींनी याच्यावरच एक पद्धत मांडली, मेलॉडिक इंटोनेशन थेरपी. रोजच्या गरजेचं छोटं वाक्य घ्यायचं, ते वरच्या आणि खालच्या अशा दोनच सुरांत म्हणायचं आणि प्रत्येक अक्षराला डाव्या हातानं थाप द्यायची. पा-णी. पा-णी-द्या. जमलं की वाक्य वाढवायचं, मग हळूहळू सूर कमी करत नेहमीच्या बोलण्याकडे यायचं. वाचायला सोपं वाटतं. आमचे पहिले काही आठवडे 'पाणी'तच गेले. अमेरिकेच्या तेव्हाच्या खासदार गॅबी गिफर्ड्स यांना 2011 मध्ये डोक्यात गोळी लागली होती. त्यांची वाचा परत आणण्यातही संगीतोपचाराचा वाटा होता. बाईंनी हे सांगितलं त्या रात्री आई पहिल्यांदा नीट झोपली.

आणि तुम्ही मला सांगताय, मोकळा तास.

मान्य, सगळ्यांना इतका गुण येत नाही. बाबा आजही लांब वाक्यात अडकतात. आणि 'अमुक सूर ऐका, तमुक आजार पळेल' असले फॉरवर्ड मलाही येतात, ते मी वाचतसुद्धा नाही. संगीतोपचार म्हणजे उशाशी गाणं लावून ठेवणं नव्हे. ते शिकून करायचं काम आहे, अमेरिकेत 1944 पासून त्याची पदवी मिळते. पण साधं ऐकणंही फुकट जात नाही. फिनलंडमध्ये स्ट्रोकच्या रुग्णांना दोन महिने रोज त्यांच्या आवडीचं संगीत ऐकवलं. नुसती ऑडिओ पुस्तकं ऐकणाऱ्यांपेक्षा त्यांची शब्दांची आठवण आणि लक्ष जास्त सावरलं. 2008 मध्ये छापून आलंय ते.

आता शाळेचं. माझा राग अर्धा त्या अंगठ्यांवर आहे आणि अर्धा आपल्यासारख्या संगीतप्रेमींवर. 'गाणं शिकवा, गणित सुधारेल' हे आपणच सांगत फिरलो ना? 1993 मध्ये 36 कॉलेजच्या मुलांना दहा मिनिटं मोझार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराचं संगीत ऐकवलं, एका प्रकारच्या कोड्यांत त्यांना थोडे जास्त गुण पडले, आणि तो परिणाम पंधरा मिनिटांत ओसरला. एवढ्यावरून 1998 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या गव्हर्नरनं राज्यातल्या प्रत्येक नवजात बाळाला संगीताची सीडी द्यायची म्हणून सरकारी पैसे मागितले! संगीताला गणिताची मोलकरीण करून ठेवलं की गणिताचा जादा तास मिळताच मोलकरणीला घरी पाठवणारच. गणितासाठी गणितच करावं लागतं, त्यात वाद नाही.

पण माझा मुलगा त्या तासात काय शिकला ते मी बघितलंय. गेल्या वर्षी सरांनी वर्गाचे दोन गट केले होते, दोघांच्या ओळी वेगळ्या. आपली ओळ न सोडता शेजारच्याची ऐकायची. घरी येऊन रडला होता, "मी सारखा त्यांच्याच सुरात जातो." मग चुकणारा तुकडा वेगळा काढून, अगदी सावकाश, पंधरा-वीस वेळा म्हटला. आपली चूक आपल्याच कानानं पकडली. मी एक शब्द सांगितला नाही. अभ्यास कसा करायचा असतो हे याहून वेगळं काय शिकवणार आहोत आपण? आणि वर्गातली एक मुलगी एरवी कुणाशीच बोलत नाही, ती त्या तासाला गाते. तिच्या आईनं मात्र ग्रुपवर काही लिहिलं नाही. मीही अजून लिहिलेलं नाही, म्हणून जास्त चिडलेय.

त्या सरांचं काय होणार, हेही त्या निरोपात नव्हतं.

उद्या सकाळी मुख्याध्यापकांना भेटायला जातेय. तुमच्यापैकी ज्यांची मुलं त्या वर्गात आहेत त्यांनी या. एकटीचं ऐकणार नाहीत ते.

हे लिहीपर्यंत आतल्या खोलीत बाबा उठलेत. नातवाला हाक मारतायत. तीन अक्षरांचं नाव, मांडीवर डाव्या हाताच्या तीन थापा, पहिलं अक्षर वरच्या सुरात. दुसऱ्यांदा मारली. हा पोरगा कानात हेडफोन घालून बसलाय, उठवते त्याला.